खोबरेल लावलेली बंदूक

देवापुढे रिकामं काही ठेवू नये, एवढ्या एका संस्कारापायी मी एका खंडेनवमीला सासऱ्यांच्या दुनळी बंदुकीत दोन काडतुसं भरली. बंदूक पाटावर आडवी होती. तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या, आणि मग मनात आलं, कलशात आपण पाणी घालतो, सुवासिनीची ओटी भरतो, हिच्याच दोन्ही नळ्या तेवढ्या मोकळ्या का? भरल्या. संध्याकाळी पुसून ठेवायला घेतली तर बंदुकीच्या तेलाची बाटली कोरडी. म्हणून केसांचं खोबरेल लावलं. सढळ हाताने लावलं, सांध्यांत जिरवलं, वरून थोडं चोळलंसुद्धा.

तेव्हा माझं वय शेहेचाळीस होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नातवंडांना ही गोष्ट सांगितली की ती विचारतात, "आजी, तेव्हा तू लहान होतीस?" नव्हते. दोन चष्मे होते मला.

दुसऱ्या दिवशी काडतुसं काढून ठेवायची होती. पण दसरा, आपट्याची पानं, श्रीखंड, येणारेजाणारे, राहून गेलं. आठवण झाली ती थेट डिसेंबरात. त्या वर्षी पुण्यात थंडी कडाक्याची होती. मी बंदूक कपाटातून काढली, खालची कळ फिरवायला गेले, आणि कळ हलेना. हळद, कुंकू आणि खोबरेल यांचं गारठ्यात मिळून जे काही होतं, ते झालं होतं. काडतुसं काढायला ती मध्यातून मोडावी, म्हणजे बिजागरीवर दुमडावी लागते; ती मोडली तर नाहीच, कुरकुरलीही नाही. म्हणजे घरात एक भरलेली बंदूक होती, ती उघडत नव्हती, आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं.

या बंदुकीशी माझं नातं जुळलं ते जाहिरातींमुळे. लग्न होऊन नुकतीच शनिवार पेठेत आले होते. सासऱ्यांचं कपाट आवरायला सांगितलं, तर खणात अंथरलेला कागद एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकाचा निघाला. त्यावर मिशाळ साहेब, पायाशी कान पाडून बसलेला कुत्रा, आणि खाली बंदूक बनवणाऱ्याचं नाव. तेच नाव आमच्या घरातल्या बंदुकीवर कोरलेलं होतं. मी कागद सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि हरवलेला चुलता सापडल्यासारखे हसले.

तिथून मला नाद लागला. रद्दीची दुकानं, फूटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग, कुणाच्या घरी जुनी मासिकं निघाली की मी हजर. आतल्या गोष्टी, युद्धाच्या बातम्या, राजघराण्यातली लग्नं सगळं उलटून मी सरळ मागच्या पानांवर जायची. बंदुकीची जाहिरात दिसली की कात्री. कापलेले कागद साड्यांच्या खोक्यांत, पातळ पुठ्ठ्यांच्या मध्ये. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बायका खोकं टाकतात आणि साडी ठेवतात. आमच्याकडे उलटं."

बंदूक मी आयुष्यात झाडली नाही. आवाजाला भिते मी, दिवाळीत कानात बोळे घालते. मला आवडायची ती त्या जाहिरातींची छाती पुढे काढून बोलण्याची तऱ्हा. एकीत बंदूक नदीत पडते, सगळा पावसाळा गाळात काढते, आणि वर आणल्यावर पहिल्याच बाराला चालते. दुसरीत तिच्यावर हत्ती पाय देतो. तिसरीत पिसांची टोपी घातलेली एक मडम हातात बंदूक घेऊन अशी उभी, की तिच्या घरी स्वयंपाक कोण करत असेल हा प्रश्नच पडू नये. रविवारी सकाळी सासरे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बंदूक सुटी करायचे, नळ्यांतून फडकं फिरवायचे, आणि मी शेजारी बसून या जाहिराती मराठीत सांगायची.

"गाळातून काढली कुणी?" ते विचारायचे.

"ते नाही लिहिलेलं."

"त्याचं नाव द्यायला हवं होतं. खरं काम त्याने केलं."

हत्तीच्या जाहिरातीवर म्हणाले, "हत्तीचं म्हणणं छापलेलं नाही."

आमची बंदूक त्यांच्या वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. सासऱ्यांपेक्षा वयाने मोठी. गावाकडच्या शेतात रानडुकरांवर दोनदा झाडली, बाकी जन्म कपाटात. निवडणूक आली की परवानेवाल्यांनी बंदुका चौकीत जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. सासरे ती खादीच्या पिशवीत गुंडाळून पोहोचवायचे आणि आणायचे, माहेरवाशिणीला न्यावं-आणावं तसे. पुसता पुसता कधी म्हणायचे, "मी जाईन, ही जाणार नाही." यात दुःख नव्हतं, तक्रार होती.

आणि खरंच, बाकी घरातलं काहीच टिकेनासं झालं होतं. बाजारात नव्या वस्तूंचा पूर आला होता. मिक्सर आला, वर्षात जळाला. रंगीत टीव्ही आला, त्याच्या दुरुस्तीवाल्याची आणि आमची घरोब्याची ओळख झाली. कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. त्यातल्याच एकीखालून जाऊन माझा मुलगा पुढे कंपनीत लागला होता. तो म्हणायचा, "आई, आमचं मशीन दोन वर्षांत म्हातारं होतं." मी म्हणायची, "तुझ्या आजोबांची बंदूक बघ." तो म्हणायचा, "तिच्यावर ईमेल येते का?"

त्या खंडेनवमीच्या आधीच्या उन्हाळ्यात सासरे गेले. परवाना त्यांच्या नावावर. मालक गेला की परवाना संपतो. बंदूक चौकीत नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा करायची असते, हे आम्हाला ठाऊक होतं. आमचे हे म्हणाले, "दिवसपाणी होऊ दे." ते झालं. मग म्हणाले, "पावसाळा होऊ दे." मी काही आठवण केली नाही. खरं सांगायचं तर मला ती जाऊ द्यायची नव्हती. रविवारी मी एकटीच वर्तमानपत्र पसरून तिला वरवर पुसत बसायची. आणि मग ती खंडेनवमी.

डिसेंबरात मुलाने सांगितलं की कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार. शतक उलटताना तिकडची सगळी कॉम्प्युटरं गोंधळणार होती म्हणे, आणि ती ताळ्यावर आणायला पुण्याची मुलं हवी होती. फक्त पासपोर्ट हवा. तो वेळेत आला नाही तर त्याच्या जागी दुसरा जाईल. रांगेत खूप जण होते. अर्ज गेला होता. आता चौकीतून चौकशीला पोलीस घरी येणार होते.

चौकीतून. म्हणजे जिथे दर निवडणुकीला आमची बंदूक जाऊन बसायची, तिथूनच. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. डोक्यात एकच फिरत होतं: पोलीस येणार, बंदूक मागणार, उघडायला जाणार, आणि दोन काडतुसं. मुलाचा पासपोर्ट माझ्या खोबरेलात रुतणार. सासऱ्यांनी मला सांगून ठेवलं होतं की या जुन्या बंदुकीचे घोडे खाली असले तरी काडतुसाच्या पाठीवर टेकलेले असतात, भरलेली असेल तर दणका बसू द्यायचा नाही. तेव्हा मी मान डोलावली होती. आता कपाटाजवळून जाताना चवड्यांवर चालायची.

यांना सांगावं, तर हे ओरडणार. मुलाला सांगावं, तर तो झोपणार नाही. सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्या खोटं बोलत नसत आणि बोलू देत नसत. शेजारीण दारात उभी राहून "कशी झाली आमची चिवडा-चकली?" विचारायची, आणि त्या "तेल जुनं होतं" म्हणायच्या.

म्हणून मी योजना केली. शेहेचाळीस वर्षांच्या, दोन चष्म्यांच्या बाईची योजना. मी एके काळी दोन वर्षं गाणं शिकले होते. गुरुजींनी हात जोडले म्हणून सोडलं, पण तानपुरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होता. त्याची गवसणी काढली, तीत बंदूक घातली, खाली भोपळ्याच्या जागी उशी कोंबली. आमच्या पेठेत तानपुरा घेऊन निघालेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. कात्रजला माझी मावसबहीण राहायची. चौकशी होईपर्यंत तिच्या माळ्यावर ठेवायची, एवढाच विचार. पुढे पोलिसांनी "बंदूक कुठे आहे?" विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार योजनेत नव्हता.

सकाळी हे बँकेत, मुलगा कंपनीत गेला. सासूबाई मटार सोलत होत्या. मी म्हटलं, "जरा जाऊन येते." त्यांनी गवसणीकडे पाहिलं आणि मटार सोलत राहिल्या.

रिक्षात मी बंदूक उभी धरली. नळ्यांची तोंडं वर, टपाकडे. आडवी ठेवावी तर रस्त्यावरच्या माणसांवर रोखली जाणार. पुण्याचे खड्डे मी जन्मभर पाहिले होते, पण त्या दिवशी एकेकाशी माझी ओळख झाली. खड्डा आला की मी सीटवरून उठायची आणि गवसणी कडेवर घेतल्यासारखी उचलून धरायची.

"सावकाश हो," मी म्हटलं.

रिक्षावाल्याने सावकाश घेतली. पुढच्या चौकात मी पुन्हा म्हटलं.

"बाई, यापेक्षा सावकाश गेलो तर मागे जाऊ."

"नाजूक वस्तू आहे."

"मग स्वतः चालत न्यायची."

स्वारगेटला एसटी मागून भोंगा देत अंगावर आली आणि मी "अगं बाई!" अशी किंचाळले. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "वरचा सा चांगला लागतो तुमचा." एरवी मी त्याला सुनावलं असतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते आणि दर दोन ओळींनी विसरत होते. जाहिरातींतली ती मडम आठवली. तिच्या मागे नेहमी हिरवं माळरान असायचं, एसटी कधी नसायची.

कात्रजला बहिणीने दार उघडलं. ती काही बोलायच्या आत तिच्या दोन लहान मुली धावत आल्या. "मावशी, तानपुरा! वाजव ना!" धाकटीने गवसणीची नाडी धरून ओढली. बंदूक माझ्या हातात इंचभर घसरली.

मला अजून तो इंच आठवतो. त्या पोरीच्या केसांना दोन लाल रिबिनी होत्या आणि नळ्यांची तोंडं त्यांच्याकडे झुकली होती. मी गवसणी छातीशी घट्ट धरली आणि उलट्या पावलांनी जिना उतरायला लागले.

"अगं, झालं काय? आत तर ये! चहा तरी?"

"आज नको. वार चुकला माझा."

कुठला वार, ते मलाही माहीत नव्हतं. रिक्षावाला अजून तिथेच सुट्टे मोजत होता. मला पाहून म्हणाला, "गाणं पसंत नाही पडलं का?"

परतीच्या वाटेवर मी ठरवलं: आता जे व्हायचं ते आपल्याच घरात होऊ दे. कुणाची पोर नाही तिथे. मुलाचा पासपोर्ट गेला तर त्याचे पाय धरीन, आईने मुलाचे पाय धरायची पद्धत नसली तरी.

घरात शिरले तर दिवाणखान्यात एक पोलीस बसलेले. खाकी कपडे, हातात बशी, बशीत आमचा चहा. समोर सासूबाई. पोलिसांनी मला पाहिलं, गवसणीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय, झालं का काम?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे नाही. तानपुरा. दुरुस्तीला नेला होता."

पोलिसांनी मान वळवली. त्यांच्या मागे, कोपऱ्यात, आमचा तानपुरा उघडाबोडका उभा होता.

बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आजी," पोलीस सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही तर म्हणालात, सूनबाई बंदूक जमा करायला चौकीत गेल्यात."

सासूबाई असं म्हणाल्या होत्या? ज्या बाई सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा "साखर कमी" म्हणायच्या, त्या?

सासूबाई हलल्या नाहीत. "गेलीच होती. ती घाबरली की काहीही बोलते. लग्नात नाव घे म्हटलं तर उखाण्यात हिने नवऱ्याऐवजी माझं नाव घेतलं होतं."

हे खरं होतं. त्यामुळे मी मान डोलावू शकले.

"मग चौकीतून परत का आल्या?"

इथे मात्र माझ्याने राहवेना. मी गवसणी हळूच जमिनीवर ठेवली, नळ्यांची तोंडं गाद्यांच्या चवडीकडे केली, आणि सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, काडतुसं, खोबरेल, रिक्षा. कात्रज तेवढं वगळलं. सासूबाईंनी ते आधीच झाकलं होतं, त्यावरचं पांघरूण मी कशाला ओढू?

"भरलेली आहे?" पोलीस उभे राहिले. मग बाजूला सरकले. मग अजून बाजूला सरकले, तानपुऱ्यामागे. "अहो बाई, रिक्षातून?"

"सावकाश आणली."

सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठीची रबरी पिशवी गरम पाणी भरून घेऊन आल्या. बंदुकीच्या सांध्यावर ती अशी ठेवली, जशी थंडीत आपण सगळ्या जणी खोबरेलाची गोठलेली बाटली गरम पाण्यात धरतो. दर हिवाळ्यात मी ती बाटली धरत होते. आठवडाभर चवड्यांवर चालले, पण हे सुचलं नाही. तेल पाघळून फरशीवर पिवळा ओघळ आला. सासूबाईंनी अंगठ्याने घोडे जरासे मागे घेतले. पोलीस म्हणाले, "आजी, आजी, जपून!" त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं बघत आले आहे मी हे. तुमच्या नोकरीपेक्षा जास्त." आणि कळ फिरवली.

बंदूक मध्यातून मोडली, निमूट, जणू कालच उघडली होती. दोन काडतुसं बाहेर आली, आणि त्यांच्यामागून चार-सहा अक्षता.

पोलिसांनी काडतुसं हातरुमालात घेतली. खूप वेळ त्या बंदुकीकडे पाहत राहिले. वर्षानुवर्षं तेलपाणी केलेलं लोखंड होतं ते, माझ्या हळदीकुंकवानंतरही नळ्यांच्या आत आरशासारखं लखलखत होतं. "चीज आहे हो," ते म्हणाले, आणि मग पुन्हा पोलीस झाले. "आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चौकीत चला. मुलाच्या कागदांचं काय लिहायचं ते साहेब ठरवतील."

चौकीत साहेबांनी मला बसवलं नाही. उशीर का, विचारलं. मी म्हटलं, आमचं चुकलं. यांना बँकेतून बोलावून घेतलं, आणि मी खायची बोलणी त्यांनी खाल्ली. बंदूक जमा झाली. काउंटरवर ती आडवी ठेवली तेव्हा मला वाटलं, निकाल लागला की परत न्यायला येऊ. यायचं नव्हतं. मुलाच्या कागदांबद्दल साहेब एवढंच म्हणाले, "बघतो."

त्या "बघतो"वर मी जानेवारी काढला. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की मी गॅलरीत. कंपनीतून एकेक जण निघत होता, निरोपाचे केक कापले जात होते. एकदा मुलगा म्हणाला, "आई, नाही आला तरी चालेल." ते ऐकून मी आत जाऊन साड्यांची खोकी काढली. जाहिराती फाडून टाकाव्यात म्हणून. पहिला कागद हातात घेतला, तो हत्ती निघाला. ठेवून दिला.

पासपोर्ट आला तो एका साध्या मंगळवारी, लाइटच्या बिलाबरोबर. मुलगा घरी नव्हता. मी देवापुढे साखर ठेवली आणि वाटी घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या खिडकीत बसून मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, जन्मात तुम्ही एकदाच खोटं बोललात. नातवासाठी बोललात. तो जन्मभर विसरणार नाही."

त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली, मेथीची पुढची जुडी ओढली आणि म्हणाल्या:

"त्याच्यासाठी नाही गं. तो काय, आज ना उद्या जाणारच. इथे उरणार तू आणि मी. आणि या गुडघ्यांनी रोज तुझा डबा घेऊन येरवड्याला जाणं मला झेपलं नसतं."